थंडीतली वाट आणि पायातला बूट



दिवाळी उलटली, धानाची कापणी सुरू झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात पहाट ओली होते. पावसाळा सरलेला असतो, आकाश स्वच्छ असते, पण धुऱ्यावरचे गवत दवाने इतके भिजलेले असते की बांध्यांकडे जाणाऱ्या माणसाचे पाय घोट्यापर्यंत ओले होतात. लाखोरी पेरलेल्या बांधीतून चार पावले टाकली तरी साडीचा काठ निथळू लागतो. थंडी आली की घरात स्वेटर निघतात, कानटोप्या निघतात, वाकळी उन्हात पडतात. पायांचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो, आणि पुष्कळ घरांत होतच नाही. पाय चालत आहेत ना, मग झाले!

पायांवर लिहायचे आमच्या मनात होतेच. पवनी तालुक्यातील कोंढा येथील एका भगिनीच्या पत्राने ते आता लिहिणे भाग पडले आहे. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते. तिची निवड हिवाळी पदभ्रमण शिबिरासाठी झाली आहे. शिबिर उत्तराखंडात केदारकंठा या शिखराकडे जाणार आहे. शिखराची उंची सुमारे साडेबारा हजार फूट, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तिथे बर्फच बर्फ! सोबत आणायच्या वस्तूंची जी यादी मिळाली, तिच्यात पहिलीच ओळ आहे : हलके, वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर येणारे बूट. मुलीजवळ आहेत शाळेच्या कवायतीचे कापडी जोडे. वडील म्हणतात, जुन्या बाजारातून लष्करी बूट आणू, आयुष्यभर टिकतील. मामा म्हणतात, गमबूट घे, त्यात पाणी जायचा प्रश्नच नाही. दुकानदाराने दाखवलेल्या जोडाची किंमत ऐकून सगळे गप्प बसले. आणि मुलगी आता म्हणते आहे, "जाऊ द्या, मला जायचेच नाही."

ताई, मुलीचे ते शेवटचे वाक्य वाचून आम्हाला वाईट वाटले. तिला डोंगराची भीती नाही, थंडीची नाही. घरच्या खर्चाची भीती आहे. म्हणून या वेळी आपण बुटांबद्दल सविस्तर बोलू. शिबिराला जाणाऱ्या मुलामुलींना, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांना आणि थंडीत शेताची वाट तुडवणाऱ्या आपल्या सर्वांनाच हे उपयोगी पडेल.

तथागतांनी पायांचा विचार केला होता

बूट म्हणजे चैन, असा एक समज आपल्या घरांत अजून आहे. तो कुठून आला हे सांगायला नको. ज्या समाजाला गावातल्या मोठ्यांच्या घरासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, त्या समाजात पायांवर खर्च करायची सवय कशी लागणार? पण आपल्या धम्माची परंपरा पाहा. विनयपिटकातील महावग्गात एक संपूर्ण खंड पादत्राणांवर आहे.

त्यात सोण कोळिविस याची हकिकत येते. तो चंपा नगरीच्या श्रीमंत घराण्यातला, अतिशय नाजूक वाढलेला तरुण. ऐंशी गाड्या सोने मागे टाकून तो भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करता करता त्याचे तळवे फुटले आणि चालण्याची जागा रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले : तार फार ताणली तर चालत नाही, फार सैल सोडली तरी चालत नाही. मग त्याचे पाय पाहून एक पदरी पादत्राण वापरण्याची परवानगी दिली. यावर सोण काय म्हणाला? मला एकट्याला सवलत नको, साऱ्या भिक्खुसंघाला देणार असाल तर मी वापरीन. तथागतांनी ती साऱ्या संघाला दिली. एका माणसाच्या दुखऱ्या पायांतून सर्वांचा हक्क निर्माण झाला, तो असा!

पुढे त्याच खंडात दुसरा सोण येतो, सोण कुटिकण्ण. तो अवंती देशातला, महाकात्यायनांचा शिष्य. त्याने गुरूचा निरोप तथागतांना सांगितला : अवंती-दक्षिणापथाकडची जमीन काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तिथे एक पदरी पादत्राण पुरत नाही. तथागतांनी त्या मुलखासाठी अनेक पदरांच्या पादत्राणांना मान्यता दिली. ज्याने हिवाळ्यात वाळलेल्या बांधीतून चालून पाहिले आहे, खुरांचे खळगे दगडासारखे कडक झालेले ज्याच्या तळव्यांना ठाऊक आहेत, त्याला या सवलतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्याच खंडात रंगीबेरंगी, मिरवायच्या पादत्राणांना मात्र मनाई आहे.

म्हणजे पादत्राण घ्यायचे ते जमीन पाहून आणि पाय पाहून. मिरवण्यासाठी नव्हे, आणि आपला पाय झिजवण्यासाठीही नव्हे. हीच कसोटी घेऊन आता आपण दुकानात जाऊ.

आधी वाट ओळखा

दुकानात शिरण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारा : हा बूट कोणत्या जमिनीवर चालणार आहे?

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मिळून उत्खनन केले आणि तिथला प्राचीन स्तूप उजेडात आला. तो परिसर पाहायला, किंवा रुयाड-सिंदपुरीच्या महास्तूपाकडे थंडीत पायी जायचे असेल, तर वाट कोरडी आहे. सकाळी दोन तास दव, मग लख्ख ऊन. अशा वाटेला वॉटरप्रूफ बूट लागतच नाही. उलट दुपारी त्यात पाय उकडतो आणि घामाने ओला होतो. चांगल्या तळाचा, हलका, जाळीदार कापडाचा बूट आणि पिशवीत एक जास्तीचा मोजांचा जोड एवढे पुरे. दवाने बूट ओला झाला तरी उन्हात तासाभरात वाळू लागतो.

चिखलदऱ्याला किंवा सह्याद्रीत कळसूबाईला हिवाळ्यात जायचे असेल तरी जवळपास हेच लागू पडते. तिथे पाण्यापेक्षा निसरडे दगड आणि सुटी माती यांचा त्रास अधिक. तिथे तळ महत्त्वाचा.

बर्फाची गोष्ट वेगळी. बर्फ बुटाला चिकटतो, पायाच्या उबेने वितळतो आणि त्याचे पाणी शिलाईतून हळूहळू आत मुरते. रात्री तापमान शून्याखाली जाते, ओला बूट वाळत नाही, सकाळी तोच थंडगार बूट पायात घालावा लागतो. तिथे ओला पाय म्हणजे धोक्याची सूचना. म्हणून केदारकंठ्याच्या यादीत वॉटरप्रूफ हा शब्द लिहिला आहे, आणि तो योग्यच आहे.

हलका का?

आता वजनाचा हिशेब करू. दहा किलोमीटर चालायला आपल्याला साधारण चौदा हजार पावले टाकावी लागतात, म्हणजे प्रत्येक पाय सात हजार वेळा उचलावा लागतो. समजा एक बूट दुसऱ्यापेक्षा तीनशे ग्रॅमने जड आहे. हातात धरला तर फरक जाणवणारही नाही. पण तीनशे ग्रॅम सात हजार वेळा उचलले की होतात एकवीस क्विंटल! धानाचा एक कट्टा चाळीस किलोंचा धरला तर एकेका पायाने दिवसभरात पन्नासहून अधिक कट्टे, थोडे थोडे करून का होईना, जास्तीचे उचलले. संध्याकाळी मांड्या का भरून येतात ते यावरून कळेल. पायातले एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतके थकवते, असे चालण्याच्या अभ्यासांतही आढळले आहे.

म्हणून वडिलांचा लष्करी बूट आणि मामांचा गमबूट, दोन्ही या मुलीसाठी नकोत. जुना लष्करी बूट जाड कातड्याचा, भिजला की आणखी जड होणारा आणि दुसऱ्याच्या पायाच्या आकाराला बसलेला असतो. गमबुटात बाहेरचे पाणी जात नाही हे खरे, पण आतला घामही बाहेर जात नाही. दिवसभर चढ चढल्यावर मोजे घामाने भिजतात आणि थांबल्याबरोबर पाय गार पडतो. शिवाय गमबुटाला नाडी नसते. उतारावर पाय आत सरकतो आणि बोटे पुढे आदळतात.

हाताने उचलून पाहण्यापेक्षा दुकानातल्या काट्यावर जोड ठेवून पाहा. घोट्याच्या वर येणारा हलका जोड साधारण एक किलोच्या आसपास भरतो. दीड किलोच्या पुढे गेला तर पाच-सहा दिवसांच्या चालीसाठी तो जड समजावा.

पाणी आत कसे शिरते?

दुकानदार प्रत्येक बूट वॉटरप्रूफ म्हणूनच दाखवतो. त्याच्या शब्दावर न जाता बूट हातात घेऊन तपासा. पाणी चार वाटांनी आत शिरते.

पहिली वाट कापडातून. चांगल्या बुटात वरचे कापड आणि आतले अस्तर यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी एक प्रकारचे प्लास्टिक झटक्याने ताणून असा पडदा तयार केला. त्यावरून गोर-टेक्स हे नाव प्रसिद्ध झाले. आज कमी किमतीच्या इतर कंपन्यांच्या बुटांतही अशा प्रकारचे पडदे असतात, तेव्हा नावासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. डब्यावर मात्र पूर्ण वॉटरप्रूफ लिहिले आहे की फक्त पाणी काही वेळ थोपवणारे लिहिले आहे, ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून नीट वाचून घ्या. या दोहोंत फार फरक आहे.

दुसरी वाट शिलाईतून. बुटावर जितके तुकडे जोडलेले, जितक्या नक्षीच्या शिलाया, तितक्या पाणी शिरायच्या जागा. साधा दिसणारा, कमी तुकड्यांचा बूट अधिक चांगला.

तिसरी वाट जिभेतून. नाडीखाली जी जीभ असते तिच्या दोन्ही बाजू बुटाला कापडाने शिवलेल्या असल्या पाहिजेत. जीभ मोकळी असेल तर बाकी सगळे वॉटरप्रूफ असून उपयोग नाही, पाणी तिथूनच येणार. ही गोष्ट बोट घालून पाहता येते. त्यासाठी दुकानदाराला विचारावेही लागत नाही.

चौथी वाट वरून. नाल्यात पाय घोट्याच्या वर बुडाला की पाणी बुटाच्या तोंडातून आत पडते, आणि मग तोच पडदा ते पाणी आत धरून ठेवतो. बूट बादलीसारखा होतो! म्हणून वॉटरप्रूफ बूट घालून नाला पार करताना धाडस करू नये. बर्फात बुटाचे तोंड झाकायला पिंडरीवर बांधायचे कापडी पट्टे मिळतात, ते बहुधा शिबिरवाले देतात. आधी विचारून घ्यावे.

बूट घेताना न वापरल्यास परत घेण्याची बोली दुकानदाराशी करावी, आणि ती बिलावर लिहून घ्यावी. ही परतीची सोय मापासाठी. घरात दोन-तीन दिवस सतरंजीवर घालून फिरा. माप पक्के पटल्यावर पाण्याची परीक्षा घ्या. पसरट घमेल्यात चार बोटे पाणी घ्या, बुटात वर्तमानपत्राचा कोरडा कागद घाला आणि बूट पंधरा-वीस मिनिटे त्या पाण्यात उभे ठेवा. कागद कोरडा निघाला तर बूट खरा. ओला निघाला तर तक्रार त्याच दिवशी करावी, शिबिरातून आल्यावर नव्हे.

मापाची चूक सर्वांत महाग

आमच्या मते बुटाच्या निवडीत पहिला मान मापाला, मग वजनाला, मग पाण्याला, आणि शेवटी रंगाला. पुष्कळ मुले हा क्रम उलटा लावतात!

लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वाढलेल्या पायाचा चवडा रुंद असतो, बोटे मोकळी पसरलेली असतात. शेतात राबणाऱ्या घरच्या मुलामुलींचे पाय असेच असतात. ते निरोगी पायाचे लक्षण आहे. पण अनेक बूट पुढे निमुळते असतात. अशा बुटात आपल्या मुलीची करंगळी दाबली जाते आणि दुसऱ्याच दिवशी फोड येतो. त्यामुळे समोरून रुंद असलेला बूट मागा. मुलींच्या विभागात रुंद जोड मिळाला नाही तर मुलांच्या विभागातला घालून पाहायला काहीच हरकत नाही.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, आणि डोंगरातही ते तसेच सुजणार आहेत. शिबिरात जे लोकरी मोजे घालणार तेच घालून बूट पायात चढवा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट सहज जायला हवे. मग नाडी बांधा आणि दुकानाच्या पायऱ्या चार वेळा उतरा. बोटे पुढे आदळत असतील तर बूट लहान आहे. चढताना टाच आत उचलली जात असेल तर सैल आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असू शकतो, तेव्हा माप मोठ्या पायाचे घ्यावे.

थंडीसाठी म्हणून घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबण्याची एक पद्धत आहे. ती घातक आहे. दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. ऊब येते ती बोटांना हलायला जागा असेल तेव्हा.

तळाकडे पाहा

बूट उलटा करा. तळाला खोल खाचा हव्यात, आणि त्या एकमेकींपासून दूर हव्यात, म्हणजे चिखल व बर्फ त्यांत अडकून बसत नाही. नखाने दाबून पाहा. चांगले रबर किंचित दबते. कडक प्लास्टिकचा तळ थंडीत आणखी कडक होतो आणि ओल्या दगडावर सटकतो.

मग दोन्ही हातांनी बूट वाकवा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, कारण चालताना पाय तिथेच वाकतो. मधोमध दुमडत असेल तर त्याला आतून आधार नाही. ओला फडका पिळतात तसा तो सहज पिळला जाऊ नये.

तळाचे महत्त्व गिर्यारोहकांना किती किमतीने कळले ते ऐका. 1935 साली इटलीच्या आल्प्स पर्वतात विताले ब्रामानी यांच्या गिर्यारोहक मंडळातील सहा जण मरण पावले. त्यांच्या पायांतले बूट त्या हवामानाला पुरेसे नव्हते, हे एक कारण होते. त्या दुःखातून ब्रामानींनी 1937 साली खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. आज जगभर डोंगरबुटांना जो खाचांचा तळ दिसतो त्याची सुरुवात ती. बुटावर विब्रम असे नाव दिसले तर ते याच ब्रामानींचे.

आणखी एक इशारा. स्वस्तात मिळतो म्हणून वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला जोड घेऊ नका. अशा बुटांच्या तळातला मऊ थर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळ भुसभुशीत होऊन गळून पडतो. डब्यावर बनवल्याची तारीख असते, ती पाहावी.

घातल्यानंतर

नवा बूट थेट शिबिरात नेऊ नये. निदान तीन आठवडे आधी घ्यावा आणि रोज थोडे थोडे चालावे. कोंढ्याची धुऱ्याधुऱ्याची वाट त्यासाठी उत्तम! कुठे चुरचुरते, कुठे लाल होते ते घरीच कळेल. चुरचुरल्याबरोबर थांबून त्या जागी चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावण्यापेक्षा ते केव्हाही बरे. आलेला फोड फोडू नये. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांनी पायाच्या लहानशा जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

सुती मोजे घाम पितात आणि ओलेच राहतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत. तीन जोड पुरतात : एक पायात, एक पाठीवर वाळत, आणि एक फक्त रात्री झोपताना घालायला, कोरडा राखलेला.

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ ठेवू नये. आचेने कातडे तडकते, चिकटवलेला तळ सुटतो. आतला सुकतळा काढून ठेवावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि तासा-दोन तासांनी बदलावेत. शिलाई उसवली तर आपल्या गावच्या चर्मकार बांधवाकडे जावे. त्याच्या हातातले कसब दुकानातल्या विक्रेत्याकडे नसते. मात्र पडदा असलेल्या बुटाला आरपार टाके घालू नका असे सांगावे, नाहीतर प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाणी येईल.

बर्फात बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात, पांढरी पडतात. दुखणे थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नये. खरा धोका तिथेच आहे. लगेच शिबिरप्रमुखाला सांगावे. तशी बोटे बर्फाने चोळू नयेत, शेकोटीवर धरू नयेत, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. निवाऱ्यात नेऊन कोमट पाण्यात ठेवणे हा उपाय, आणि तोही पाय पुन्हा गोठणार नाही याची खात्री झाल्यावर. हे सांगताना मुलीने लाजू नये. माझ्यामुळे सगळे थांबतील, या भिडेपायी बोटे गमावण्यात शहाणपण नाही.

पैशाचा प्रश्न

आता मुख्य अडचण. पडदा असलेला साधा पण बरा बूट घ्यायचा तर तीन-चार हजार रुपये मोजावे लागतात. मजुरीवर जगणाऱ्या घरात ही लहान रक्कम नाही. म्हणून आधी शिबिर घेणाऱ्यांना स्पष्ट विचारा : तुमच्याकडून बूट मिळतात का, भाड्याने मिळतात का? उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी अभ्यासक्रमात बर्फातले बूट व साहित्य संस्थाच देते. खासगी शिबिरांच्या पायथ्याच्या गावांतही पुष्कळदा बूट भाड्याने मिळतात. विचारण्यात कमीपणा कसला? ज्यांना परवडते तेही भाड्यानेच घेतात. मात्र तिथले माप आपल्या रुंद पायाला बसेल याची खात्री नसते. तेव्हा आपल्या सरावाचा साधा बूट सोबत असू द्यावा.

दुसरा मार्ग सोण कोळिविसाने दाखवलेला, सर्वांसाठी मागण्याचा. आपल्या विहारात जयंतीसाठी वर्गणी होते, वर्षावासात भोजनदान होते. त्यातून थोडी रक्कम बाजूला काढून युवक मंडळाने किंवा महिला मंडळाने चार-पाच मापांचे चांगले बूट घेऊन ठेवले तर? आज या मुलीला, पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला. परत येताना बूट धुऊन, सावलीत वाळवून द्यायचे. सुकतळा आणि मोजे ज्याचे त्याने आणायचे. वहीत नाव लिहायचे. पुस्तकांची पेटी जशी विहारात असते तशी बुटांची पेटी! हसण्यावारी नेऊ नका. पुस्तकाने डोके जिथवर जाते तिथवर पायांनीही जायला हवे.

ही मुले काय करू शकतात ते देशाने पाहिले आहे. 25 मे 2014 रोजी त्यावेळच्या आंध्र प्रदेशातील समाजकल्याण निवासी शाळांची दोन मुले एव्हरेस्टवर उभी राहिली. मालावथ पूर्णा ही चौदा वर्षेही पूर्ण न झालेली आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा. पूर्णाचे आईवडील शेतमजूर. 2018 साली आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनीही एव्हरेस्ट गाठले. त्यांच्या पायांत योग्य बूट घालण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली होती, म्हणून ती मुले चढू शकली.

आणि ताई, तुमचे पाय?

तुम्ही लेकीच्या पायांबद्दल दोन पाने लिहिली. स्वतःच्या पायांबद्दल एक शब्द नाही. कापणीच्या दिवसांत पहाटे धुऱ्यावरून कोण जाते? धसकटे कोणाच्या तळव्यात शिरतात? भेगाळलेला पाय चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उतरला की उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस त्या भेगांतून शरीरात शिरू शकतो. अंकुशकृमी अनवाणी तळव्यातूनच आत जातो, रक्त पितो, आणि बाईला थकवा का येतो ते घरात कोणाला कळत नाही. साप चावतो तोही बहुतेक वेळा पायालाच, आणि धानाच्या पेंढ्यांखाली तो दिसत नाही.

डोंगर चढणाऱ्या मुलीला गमबूट नको असे आम्ही वर म्हटले. पण तुमच्यासाठी तोच गमबूट कामाचा आहे. शेतातले अंतर थोडे असते, चढ-उतार नसतो, पाणी आणि काटे मात्र असतात. पिंडरीपर्यंत येणारा रबरी गमबूट काही शेकड्यांत मिळतो. रोवणीच्या खोल चिखलात तो रुतून बसतो, तिथे चालणार नाही. पण कापणी-बांधणीला, रात्री पाणी पाहायला आणि दवातून जायला तो अवश्य घाला. आत मोजे घाला, घरी आल्यावर उलटा करून ठेवा आणि घालण्यापूर्वी झटकून पाहा, आत विंचू बसलेला असू शकतो. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा आणि भेगांना खोबरेल तेल लावा.

बाया गमबूट घालून शेतात निघाल्या तर लोक हसतील, अशी भीती वाटेल. हसू द्या. विहारातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे किंवा चौकातल्या पुतळ्याकडे एकदा नीट पाहा. अंगात कोट, हातात संविधान, आणि पायात बूट! आपण कोट पाहिला, पुस्तक पाहिले, आणि ते मुलांना सांगितलेही. पायांतले बूटही त्यांनी विचार करूनच घातले होते असे आम्हाला वाटते.

मुलीला आमचा निरोप सांगा : नाव मागे घेऊ नकोस. आधी शिबिरवाल्यांना बुटांचे विचार, मग विहारात बोल, आणि उद्यापासून रोज पहाटे एक तास चालायला लाग. शक्य झाले तर त्या वेळी आईलाही सोबत घे, दोघीही पायांत काहीतरी घालून.

जयभीम!